ड्राफ्टमधे पहिल्या नंबरावर घेतलेला पोरगा नंतर टीव्हीवर दिसतच नाही, असं का?

नवा_फॅन

मंडळी, बेसबॉलचं वेड मला अलीकडेच लागलंय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. खेळ आता बऱ्यापैकी कळतो, बॉल-स्ट्राईक, डबल प्ले, बुलपेन, सगळं. पण ड्राफ्ट प्रकरण (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात ते) डोक्यावरून जातंय. २०२५ च्या जुलैमधे वॉशिंग्टन नॅशनल्सनी एली विलिट्स नावाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) पहिल्या नंबरावर घेतला, वय वर्षं १७, आणि त्याला बोनस दिला ८२ लाख डॉलर! मला वाटलं आता पुढच्या आठवड्यात हा मैदानात दिसणार. तर कसलं काय, पोरगा गेला मायनर लीगमधे (मेजर लीगच्या खालच्या लीगमधे), आणि सगळे म्हणतायत की दोन-तीन वर्षांनी बघू.

आयपीएलच्या ऑक्शनमधे एवढा पैसा ओतला की तो माणूस पहिल्या मॅचला खेळतोच खेळतो. एनबीएमधे पण ड्राफ्ट झालेला पोरगा त्याच सीझनला कोर्टवर असतो. मग बेसबॉलवाले एवढे पैसे देऊन त्याला बसमधून गावोगाव का हिंडवतात? आणि हे ८२ लाख नक्की ठरवतं कोण? ऑक्शन तर होत नाही म्हणे. कोणी नीट समजावून सांगेल का?

लेफ्टी_लेले

सांगतो, पण लांबेल.

आधी एनबीएशी तुलना डोक्यातून काढून टाका. तिथे कॉलेजातून आलेला पोरगा उंची-ताकदीने जवळपास तयार असतो. बेसबॉलमधे १८ वर्षांचा मुलगा शाळेच्या मॅचेसमधे ज्यांना धुतो ते पिचर (बॉल टाकणारे) ८०-८५ मैलांनी टाकत असतात, आणि मेजर लीगमधे सरासरी फास्टबॉलच ९४ च्या आसपास आहे. बरं नुसत्या स्पीडची सवय मशीन लावून होते हो, तिथे कोणी मरत नाही. मरतात ते त्याच हाताच्या झोकातून येणाऱ्या ८५ च्या स्लायडरवर (शेवटी वळणारा, जरा हळू बॉल), कारण हातातून सुटताना तो फास्टबॉलच वाटतो, बॉल प्लेटपर्यंत (बॅट्समनपर्यंत) यायला ०.४ सेकंद लागतात, त्यातला निम्मा वेळ नुसतं ओळखण्यात जातो आणि बॅट फिरवायचा निर्णय तेवढ्यातच घ्यावा लागतो. ही ओळख हजारो बॉल बघूनच येते, शिकवून येत नाही. म्हणून शिडी. खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातली कॉम्प्लेक्स लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर. २०२१ पासून प्रत्येक टीमला वरच्या चार पायऱ्यांवर एकेक असे मिळून १२० मायनर क्लब आहेत, आधी १६० च्या आसपास होते, बरेच छाटले.

कॉलेजातून आलेल्यालाही हे चुकत नाही. कॉलेजात ॲल्युमिनियमची बॅट असते, इथे लाकडाची. मेटलच्या बॅटने आतला बॉल दांड्याजवळ लागला तरी पडतो कुठेतरी मोकळ्या जागेत, लाकडाची बॅट तिथेच मोडते. आणि कॉलेजचा सीझन जेमतेम ५६ मॅचेसचा, स्टार पिचर आठवड्यातून एकदा शुक्रवारी टाकणार आणि बाकी दिवस आराम. मायनर लीगमधे सोमवार सुट्टी, मंगळवार ते रविवार रोज मॅच, एप्रिल ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमधे पोरांचं वजन उतरतं, बॅट जड वाटायला लागते, आणि स्काऊट (खेळाडू हेरणारे) लोक मुद्दाम तेव्हाच बघायला येतात.

एक ताजं उदाहरण घ्या. जॅक्सन हॉलिडे, २०२२ चा पहिला पिक (निवड), बाल्टिमोर ओरिओल्स. वडील मॅट हॉलिडे स्वतः मेजर लीग ऑल-स्टार, म्हणजे पोरगा क्लबहाऊसमधेच वाढलेला. २०२३ मधे एकाच वर्षात सिंगल-ए पासून ट्रिपल-ए पर्यंत चारही पायऱ्या चढला. एप्रिल २०२४ मधे वर बोलावला आणि झालं काय तर ३४ वेळा बॅटिंग करून २ हिट, १८ स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईक होऊन बाद). दहा मॅचेसमधे परत खाली. देशातला सगळ्यात गुणी पोरगा, ट्रिपल-एत झकास खेळणारा, त्याची ही गत. जुलैच्या शेवटी परत आला आणि त्याच दिवशी ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) ठोकला ती गोष्ट वेगळी. मधल्या तीन महिन्यांत त्याने ट्रिपल-एत जे केलं तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पैशाचं उद्या लिहितो, ते वेगळंच महाभारत आहे.

बॅकस्टॉप_वहिनी

लेलेकाका, उद्यापर्यंत थांबायची गरज नाही, मी लिहिते थोडं 🙂

@नवा_फॅन, ऑक्शन नसतं. ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने नाव पुकारणं, आदल्या वर्षी हरलेल्यांची पाळी आधी. पूर्वी सगळ्यात वाईट टीमला पहिला नंबर हमखास मिळायचा, म्हणून काही टीम वर्षानुवर्षं मुद्दाम हरत बसायच्या. आता प्लेऑफला न गेलेल्या १८ टीमची लॉटरी निघते आणि त्यातून पहिले सहा नंबर ठरतात, २०२३ च्या ड्राफ्टपासून. त्या पहिल्याच लॉटरीत पिट्सबर्ग पायरेट्सचं नशीब उघडलं आणि त्यांनी पॉल स्कीन्स घेतला. २०२४ ला क्लीव्हलँडला जेमतेम २ टक्के चान्स होता तरी पहिला नंबर लागला, त्यांनी ट्रॅव्हिस बझाना घेतला, ऑस्ट्रेलियाचा पोरगा.

घेता कोणाला येतं तर अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोतली मुलं, किंवा बझानासारखी बाहेरून येऊन तिथल्या कॉलेजात शिकणारी. हायस्कूल संपलेलं पण कॉलेजात न गेलेले, किंवा चार वर्षांच्या कॉलेजात तीन वर्षं झालेले नाहीतर २१ पूर्ण केलेले. म्हणजे हायस्कूलला नाही म्हणालात आणि मोठ्या कॉलेजात गेलात की पुढची तीन वर्षं दार बंद. पोरांच्या हातात असलेला हाच एक हुकमाचा पत्ता, "बोनस वाढवा नाहीतर मी चाललो कॉलेजला".

आणि आता गंमत. प्रत्येक नंबराला लीगने एक किंमत लावलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. टीमचे पहिल्या दहा राऊंडमधले सगळे स्लॉट मिळून जो आकडा येतो तो त्यांचा पूल. पूल ओलांडला तर दंड, ५ टक्क्यांच्या वर गेलात तर पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिकच जप्त. पण पूलच्या आत पैसे कुठून काढून कुठे घालायचे ते टीमच्या मर्जीवर. २०१२ ला ह्यूस्टनने काय केलं बघा. पहिल्या नंबराचा स्लॉट होता ७२ लाख डॉलर, त्यांनी कार्लोस कोरेयाला ४८ लाखात पटवलं. वाचलेले २४ लाख घेऊन थांबले, आणि ४१ व्या नंबराला लान्स मॅककलर्स उचलला, जो "मला मोठी रक्कम नाही मिळाली तर कॉलेजला जाणार" म्हणून खाली घसरला होता. त्याला २५ लाख दिले. एकाच्या किमतीत दोन पहिल्या राऊंडचे खेळाडू! दोघंही २०१७ च्या वर्ल्ड सिरीजला (लीगच्या फायनलला) मैदानात होते. (हो हो, ह्यूस्टनवाले कचऱ्याचा डबा वाजवून बॅट्समनला पुढचा बॉल कळवायचे तेच ते वर्ष, माहीत आहे, त्यावर इथे भांडू नका.)

याची दुसरी बाजू म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षातले बिचारे. त्यांच्याकडे सौदा करायला काहीच उरलेलं नसतं, मग सातव्या-आठव्या राऊंडला त्यांना घेऊन अगदी चिल्लर हातावर टेकवतात आणि उरलेला स्लॉट वर वळवतात. ड्राफ्टच्या यादीत मधेच एखादं न ऐकलेलं नाव दिसलं की समजायचं, पैसे दुसरीकडे चाललेत.

ढेकर_देसाई

वहिनी जबरदस्त. म्हणजे हे पण शेवटी मार्केटच.

आउटफिल्ड_अण्णा

मी डरममधे राहतो, इथे डरम बुल्स म्हणजे टँपा बे रेजची ट्रिपल-ए टीम. डाव्या बाजूच्या भिंतीवर मोठा बैल आहे, होम रन गेला की त्याचे डोळे पेटतात. तिकीट स्वस्त, आणि प्लेटच्या मागे बसायला मिळतं, मेजर लीगमधे त्या जागेला किडनी विकावी लागेल.

तिथे बसून जे दिसतं ते टीव्हीवर कधी कळत नाही. तुमच्या बाजूला त्याच टीमचे दोन-तीन पिचर साध्या कपड्यात बसलेले असतात, आज त्यांची पाळी नसते, त्यांचं काम प्रत्येक बॉलची नोंद करायचं. काय टाकला, किती मैलांनी, कुठे पडला. हे पोरांना शिक्षा म्हणून नसतं, उद्या-परवा याच बॅट्समनना त्यांना टाकायचं असतं. सहा मॅचेस एकाच टीमशी असतात ना लागोपाठ.

आणि स्कोअरबोर्डवर विश्वास ठेवायचा नाही हे तिथेच कळतं. एकदा एक डावखुरा पोरगा, फास्टबॉल मस्त ९६ चा, पण त्या दिवशी काऊंट ३-१ (तीन बॉल, एक स्ट्राईक, म्हणजे फास्टबॉल टाकायची वेळ) असला तरी चेंजअपच (फास्टबॉलसारखा सोडलेला पण हळू बॉल) टाकत होता. पब्लिक वैतागलेलं, दोन होम रन खाल्ले, तरी चेंजअप. डगआऊटमधे कोचच्या चेहऱ्यावर मात्र ढिम्म काही नाही. त्याला सांगितलेलंच असणार की आज फास्टबॉलच्या काऊंटला चेंजअप टाकायचा, मार पडू दे. मायनर लीगमधे मॅच जिंकणं हे काम दुय्यम असतं हे मला तेव्हा पटलं. ज्या पोराला वर जायचंय त्याच्यासाठी आख्खी मॅच म्हणजे प्रॅक्टिस, बाकीचे नऊ-दहा जण त्याची सोय म्हणून मैदानात असतात असं म्हटलं तरी चालेल. थोडं क्रूर आहे.

आणि त्या डगआऊटमधे २१ चा पोरगा आणि ३३ चा माणूस शेजारी-शेजारी. ३३ वाल्याने मेजर लीग बघून झालीय, आता कुणाला दुखापत झाली की फोन येईल म्हणून थांबलाय. टीमच्या ४० जणांच्या मुख्य यादीतल्या पोराला खाली-वर करायला टीमला तीन वर्षं मिळतात, त्यांना ऑप्शन म्हणतात, आणि पूर्वी एका सीझनमधे कितीही वेळा करता यायचं. २०२२ पासून सीझनला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. पाच! तरी बॅग उघडायला वेळ मिळत नाही.

हिशेबनीस

सगळ्यांनी खेळाचं सांगितलं, मी खरं कारण सांगतो. घड्याळ.

मेजर लीगमधे १७२ दिवस भरले की एक वर्ष सर्व्हिस धरतात. तशी तीन वर्षं होईपर्यंत खेळाडूला साधारण किमान पगारावर खेळवता येतं, मग आर्बिट्रेशन (पगार लवादाकडून ठरवून घेणं), सहा वर्षं झाली की तो मोकळा, फ्री एजंट. म्हणजे टीमच्या हातात सहाच वर्षं. मग ती सहा वर्षं १९ व्या वर्षी २०० ची (म्हणजे अगदी भिकार) ॲव्हरेज मारण्यात घालवायची की २३ व्या वर्षी सुरू करून ऐन उमेदीची घ्यायची? कोणताही मालक दुसरंच करणार.

आणि यातली चलाखी बघायची तर २०१५ चा क्रिस ब्रायंट. शिकागो कब्ज. स्प्रिंग ट्रेनिंगमधे (सीझनआधीच्या सरावात) ९ होम रन, सगळ्यांपेक्षा जास्त. तरी खाली पाठवला, म्हणे फील्डिंग सुधारायचीय. १७ एप्रिलला वर आणला. त्या वर्षी त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! एका दिवसापायी फ्री एजन्सी आख्खं वर्ष पुढे गेली. पोरगा त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा), पुढच्या वर्षी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). युनियनने तक्रार केली, निकाल लागला २०२० मधे, ब्रायंट हरला. फील्डिंग सुधारायला दोन आठवडे पुरले म्हणायचे.

त्यानंतर २०२२ च्या करारात थोडी वेसण घातली. रुकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनात आला तर उशिरा आणलेला असला तरी पूर्ण वर्ष मिळतं. स्कीन्सला मेमधे आणला होता, पुरस्कार जिंकला, वर्ष मिळालं. आणि नामांकित पोराला सुरुवातीपासून खेळवून तो पुरस्कार जिंकला तर टीमला जादा ड्राफ्ट पिक, सिएटलला हुलियो रॉड्रिगेझमुळे मिळाला तसा. म्हणजे दांडक्याबरोबर गाजर पण. तरी घड्याळ आहे ते आहेच.

लेफ्टी_लेले

हिशेबनीस, घड्याळ खरं आहे पण तुम्ही "खरं कारण" म्हणताय ते मला मान्य नाही. ब्रायंट २३ वर्षांचा होता आणि तयार होता, तिथे चलाखी शंभर टक्के. पण असे पोरं वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ड्राफ्ट आता २० राऊंडचा आहे, म्हणजे वर्षाला सहाशेच्या वर नावं पुकारतात, त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत घड्याळाचा प्रश्नच येत नाही कारण ते कधी वर पोचतच नाहीत. पहिल्या नंबराचीसुद्धा खात्री नाही. १९६६ ला मेट्सनी रेजी जॅक्सनला सोडून स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर घेतला, खांद्याने घात केला, मेजर लीगचा एक बॉल नशिबात नव्हता. १९९१ ला यँकीजनी ब्रायन टेलरला साडेपंधरा लाख डॉलर देऊन आणलं, तेव्हाचा विक्रम, मारामारीत खांदा गेला, संपलं. मार्क अपेल २०१३ चा पहिला, तो वर आला २०२२ मधे, मधे खेळ सोडून पण झाला होता.

आता उलटं बघा. माईक ट्राऊट २००९ ला २५ वा. एंजल्सकडे २४ आणि २५ असे लागोपाठ दोन नंबर होते आणि २४ ला त्यांनी सुद्धा दुसराच घेतला, रँडल ग्रिचक! अल्बर्ट पुहोल्स १३ व्या राऊंडला, ४०२ वा. माईक पियाझा ६२ व्या राऊंडला, तेव्हा एवढे राऊंड असायचे, ते पण वडलांच्या ओळखीवर मेहेरबानी म्हणून, आणि आज हॉल ऑफ फेममधे. तेव्हा निवडीपेक्षा नंतर काय करता याला मी जास्त मार्क देतो.

नवा_फॅन

बापरे, एवढी माहिती. सगळ्यांचे आभार. पण मग लेलेकाका, "नंतर काय करतात" म्हणजे नक्की करतात काय? नुसत्या मॅचेस खेळवल्या की पोरगा आपोआप सुधारतो का? आणि अजून एक शंका, हुआन सोतो, अकुन्या ही स्टार मंडळी कुठल्याच ड्राफ्टमधे दिसत नाहीत, ती कुठून आली?

अनघा_पी

दुसऱ्या शंकेचं मी सांगते, कारण त्यावर फार कोणी बोलत नाही.

डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथल्या मुलांना ड्राफ्ट नाही. ती सोळाव्या वर्षी थेट करार करतात, दरवर्षी १५ जानेवारीला खिडकी उघडते. इथेही टीमला ठराविक पूल असतो. सोतोला नॅशनल्सनी २०१५ मधे १५ लाख डॉलर दिले, अकुन्याला ब्रेव्ह्जनी १ लाख, आणि होजे आल्तुवेला ॲस्ट्रोजनी २००७ मधे फक्त १५ हजार. त्याला तर ट्रायआऊटमधून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी परत आला. फ्रँबर वाल्देझ २१ वर्षांचा होता, म्हणजे त्या बाजारात म्हातारा, त्याला १० हजार. आता हे आकडे विलिट्सच्या ८२ लाखांशेजारी ठेवून बघा.

सगळ्या टीमच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधे अकादमी आहेत, राहणं, जेवण, इंग्रजीचे तास, मैदानं, आणि उन्हाळ्यात डॉमिनिकन समर लीग. कागदावर छान. पण "१५ जानेवारी" हे नाटक आहे. तोंडी सौदे तेरा-चौदाव्या वर्षी झालेले असतात. मधे असतात बुस्कोन, म्हणजे गावातले ट्रेनर, जे मुलाला लहानपणापासून सांभाळतात, खायला घालतात, शिकवतात आणि बोनसमधून मोठा वाटा घेतात. मुलगा शाळा सोडून यातच असतो. सौदा मोडला तर पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. टीमही साध्या नाहीत, २०१७ मधे ब्रेव्ह्जनी पैसे फिरवून पूलचे नियम मोडल्याचं उघड झालं तेव्हा लीगने त्यांची १३ पोरं सोडवून घेतली आणि जनरल मॅनेजरला आजन्म बंदी घातली (पुढे २०२३ मधे उठवली). मला त्या १३ जणांचं वाईट वाटतं, नियम कोणी मोडला आणि बातमीत नावं कोणाची आली.

लीगने तिकडेही ड्राफ्ट आणायचा म्हटलं होतं, खेळाडूंच्या युनियनशी २०२२ मधे जमलं नाही. ड्राफ्ट आला तर बुस्कोन जातील असं म्हणतात. मला नाही वाटत, ते दुसऱ्या दाराने येतील.

ढेकर_देसाई

आपल्या इथला एखादा १४५ किमीवाला फास्ट बोलर नेऊन पिचर केला तर? बोनस अर्धा-अर्धा.

बॅकस्टॉप_वहिनी

करून झालंय देसाई. २००८ मधे भारतात स्पर्धा घेऊन रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांना पायरेट्सनी करार दिला. गंमत म्हणजे दोघंही क्रिकेटवाले नाहीत, भालाफेकवाले. दिनेश लवकर परतला, रिंकू सिंगल-ए पर्यंत गेला, मग कोपराचं ऑपरेशन झालं आणि शेवटी तो कुस्तीच्या शोमधे गेला. हात गोफणीसारखा असला तरी शून्यातून शिकून तिथवर पोचणं सोपं नव्हतं. तुमचा बोनस विसरा.

लेफ्टी_लेले

@नवा_फॅन, नंतर काय करतात ते.

नुसत्या मॅचेस खेळवण्याचे दिवस गेले. १९२० च्या दशकात ब्रँच रिकीने कार्डिनल्ससाठी खालच्या लीगमधले क्लब विकत घेऊन ही फार्म पद्धत सुरू केली तेव्हा हिशोब साधा होता, शेकडो पोरं गोळा करा, त्यातून चांगली आपोआप वर येतील. आता शेकडो ठेवताच येत नाहीत, अमेरिकेतल्या यादीत सीझनमधे १६५ खेळाडूंचीच मर्यादा आहे. मग हाताशी आहेत त्यांनाच घडवावं लागतं.

पिचरचं घ्या. बुलपेनमधे हायस्पीड कॅमेरा, बॉल सुटताना बोटं शिवणीवर कुठे आहेत ते थांबवून दाखवतात. शेजारी रॅप्सोडो किंवा ट्रॅकमॅन, बॉल मिनिटाला किती फिरला आणि किती इंच वळला. पोराने ग्रिप जराशी बदलली, बॉल टाकला, स्क्रीनवर बघितलं, परत बदलली. पूर्वी नवा पिच शिकायला आख्खा हिवाळा जायचा, आता ग्रिप आठवड्यात सापडते. मॅचमधे ३-२ ला तो टाकायची हिंमत यायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, अण्णांनी बघितलेला डावखुरा तेच करत होता.

तारिक स्कूबल, २०१८ ला नवव्या राऊंडला डेट्रॉईटने घेतला. कॉलेजात असताना कोपराचं टॉमी जॉन (लिगामेंटचं ऑपरेशन) झालेलं, म्हणून खाली घसरला. २०२४ आणि २०२५ लागोपाठ साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). जेकब डिग्रॉम, २०१० ला तोही नवव्या राऊंडला, मेट्स. कॉलेजात तो मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, पिचिंग नुकतंच सुरू केलेलं! स्काऊटने बॅटिंग बघितली नाही, हात बघितला. बोनस ९५ हजार. पहिल्याच वर्षी त्याचं पण टॉमी जॉन, आख्खा २०११ गेला. मेजर लीगला पोचला तेव्हा २६ ला टेकला होता. मग रुकी ऑफ द इयर आणि दोन साय यंग.

म्हणून स्काऊटच्या वहीत दोन आकडे असतात. २० ते ८० च्या पट्टीवर प्रत्येक गुणाला मार्क, हिटिंग, पॉवर, पळणं, फील्डिंग, हात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी माणूस. आणि प्रत्येकाला आज किती आणि पुढे किती होईल असे वेगळे मार्क. १७ वर्षांच्या पोराची हिटिंग आज २५, पुढे ६०. मधल्या ३५ मार्कांवर ८२ लाख लागलेत.

हिशेबनीस

आणि ज्यांच्यावर ८२ लाख लागले नाहीत ते काय खात होते ते पण लिहा. २०२२ पर्यंत ट्रिपल-एचा पगार वर्षाला १७,५०० डॉलर, सिंगल-ए ११,०००. सहा-सहा पोरं एका फ्लॅटमधे जमिनीवर गाद्या टाकून. ज्याला तुम्ही खेळाडू म्हणून घडवताय त्याला जेवायला नीट नाही, हे कुठलं डेव्हलपमेंट? राहायची सोय २०२२ पासून सक्तीची झाली, मग मायनरवाले युनियनमधे गेले आणि २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-ए ३५,८०० आणि सिंगल-ए २६,२०० झाला. कॅमेरे लाखोंचे आधी आले, पगार नंतर.

लेफ्टी_लेले

यात वाद नाही. १०० टक्के.

नवा_फॅन

शेवटची शंका, मग सोडतो तुम्हाला. टीमने पोरगा घेतला, खाली ठेवला, आणि वर आणतच नाहीत, पुढे आधीच कोणीतरी स्टार बसलाय म्हणून. मग तो तिथेच सडणार का? सोडून दुसरीकडे जाता येतं?

बॅकस्टॉप_वहिनी

स्वतःहून लगेच नाही जाता येत. पण त्यासाठी डिसेंबरमधे रूल ५ ड्राफ्ट असतो. १८ किंवा कमी वयाला सही केलेल्याला पाच सीझन झाले, १९ च्या पुढच्याला चार, आणि तरी टीमने ४० च्या यादीत घेतला नाही, तर दुसरी कोणतीही टीम १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकते. अट एकच, पुढचा सगळा सीझन त्याला २६ जणांच्या मेजर लीग टीममधे ठेवायचं, खाली पाठवायचं नाही. नाही जमलं तर जुन्या टीमला ५० हजाराला परत देऊ करावा लागतो. त्यामुळे नोव्हेंबरमधे कोणाला ४० मधे घ्यायचं आणि कोणाला उघड्यावर सोडायचं यावर ऑफिसात मारामाऱ्या होतात.

रॉबेर्तो क्लेमेंटे डॉजर्सकडून पिट्सबर्गला असाच गेला, १९५४ मधे, नियम तेव्हा थोडे वेगळे होते एवढंच.

आउटफिल्ड_अण्णा

वहिनी, पिचर योहान सान्ताना राहिला. १९९९ च्या रूल ५ मधे ॲस्ट्रोजकडून मार्लिन्सनी उचलला आणि लगेच मिनेसोटाला दिला. खाली पाठवता येत नाही म्हणून २००० चा आख्खा सीझन ट्विन्सनी त्याला तसाच मेजर लीगमधे ठेवला, २१ वर्षांचा पोरगा, ईआरए ६.४९, म्हणजे रोज मार खात होता. मग नियमाचं वर्ष संपल्यावर २००२ मधे त्याला ट्रिपल-एला एडमंटनला पाठवला, तिथल्या पिचिंग कोचने सांगितलं की प्रत्येक बॅट्समनला निदान एक चेंजअप टाकायचाच, काऊंट काही का असेना. २००४ आणि २००६ ला साय यंग, त्याच चेंजअपवर.

आणि लेलेकाकांच्या डिग्रॉमला मेट्सच्या रिहॅबमधे चेंजअप दाखवला तो पण सान्तानानेच, दोघंही तेव्हा दुखापतीतून सावरत होते. त्या कोचला याचा बोनस मिळाला का ते मात्र विचारू नका.